कपाळ टेकेपर्यंत

माझी बायको शेवटची काही वर्षं खुर्चीवर बसून नमाज पढत असे. दोन्ही गुडघे झिजले होते, उजवा जास्त. कर्जतला भिसेगावातल्या आमच्या घरात पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड करून ती बसायची. सजद्याची, म्हणजे जमिनीला कपाळ टेकायची, वेळ आली की पुढे वाकायची आणि कपाळ हवेतच थांबायचं. तेवढ्या क्षणाला ती डोळे मिटून घ्यायची. मी शेजारच्या खोलीत वाचत बसलेला असे आणि दारातून ते मला दिसत असे.

एकदा मी तिला म्हणालो, की खुर्चीवरची नमाजही तेवढीच कबूल होते, मौलानांनीसुद्धा सांगितलंय. मी शुक्रवारच्या जुम्म्याखेरीज मशिदीची पायरी न चढणारा माणूस. उभं आयुष्य खालापूरच्या शाळेत मराठी शिकवण्यात गेलं. धर्मातलं काही मी तिला समजावणं हे जरा विनोदीच होतं.

"कबूल होते ते मला ठाव हाय, मास्तर," ती म्हणाली. लग्नापासून ती मला मास्तरच म्हणायची. "मी कुठं हिशोबाचं बोलतेय? मला खाली बरं वाटतं."

खाली म्हणजे काय, हे तिनं मला नंतर कधीतरी भाजी निवडता निवडता सांगितलं. खालापूरजवळच्या तिच्या गावी सारवलेल्या जमिनीवर चटई अंथरून आई नमाज पढायची आणि ही मागं उभी राहायची. कपाळ टेकलं की सारवणाचा वास यायचा. डोकं उचलताना पहिल्यांदा आईच्या टाचा दिसायच्या. घरात कितीही माणसं असोत, त्यांचं बोलणं तेवढ्यापुरतं वरच्या वर राहायचं. आता ते तिला मिळत नव्हतं. तिचं मागणं एवढंच होतं, आणि ते गुडघ्यांपाशी अडलं होतं.

पुण्याला असलेल्या आमच्या मुलानं पनवेलमधल्या एका दवाखान्याची माहिती काढली. पोटावरची चरबी बारीक नळीनं काढायची, यंत्रात फिरवून तिच्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या आणि त्याच दिवशी गुडघ्यात सोडायच्या. मी हे तिला दोनदा समजावून सांगितलं.

"म्हणजे माझंच मला?"

"तुझंच तुला."

"बरं हाय. कुणाचं उपकार नकोत."

डॉक्टरीण तरुण होती, आणि बाई आहे म्हणूनच ही तयार झाली होती. तिनं आधीच सांगून टाकलं, की उपचार अजून नवा आहे. काहींचं दुखणं कमी होतं, काहींचं होत नाही. झिजलेलं परत उगवेल असं वचन ती देणार नव्हती. मग तिनं पडद्याआड नेऊन हिचं पोट चिमटीत धरून पाहिलं, आणि तिचा आवाज मला बाहेर ऐकू आला.

"काकू, इथे तर काहीच नाही हो."

"यांची घ्या ना. रिटायर झाल्यापासून नुसती साठवतायत."

"नाही चालत. तुमचीच लागते."

"नवऱ्याचं काय चालत नाय, ते माझ्या आईनं आधीच सांगितलं होतं," ही म्हणाली, आणि पडद्याआड दोघी हसल्या.

थोडं अंग धरा आणि दीड महिन्यानं या, असं ठरलं. याआधी जितके हाडांचे डॉक्टर पाहिले, त्यांच्या बाकांवर बसलेल्या सगळ्या बाया वजन उतरवायच्या सूचना घेऊन घरी जायच्या. वाढवायला सांगितलेली ही पहिलीच.

मी मनावर घेतलं. कडावच्या एका म्हैसवाल्याकडून रोज सकाळी दारावर दूध घेऊ लागलो. तूप कढवायला शिकलो. ती घासभर खायची आणि ताट माझ्याकडे सरकवायची. अन्न टाकू नये म्हणून मी ते संपवायचो. काही दिवसांनी म्हैसवाला दुधाच्या किटलीत माप ओतता ओतता माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, बाय तर हाय तशीच काटकी हाय. दूध तुमीच पिता वाटतं."

तरीही तिच्या गालांवर जरासं काही दिसू लागलं होतं. आणि मग रमजान लागला. डॉक्टरणीनं दीड महिना म्हटलं तेव्हा आम्हा दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नव्हतं, की त्यातला बहुतेक काळ रोज्यांचा आहे. मी म्हणालो, आजाऱ्याला सूट असते. ती म्हणाली, पोटाला कुठं आजार हाय? इफ्तारला मी तिच्यापुढे खजूर, भजी, खिमा मांडत गेलो. ती दोन खजूर खाऊन पाणी पिऊन उठायची, म्हणजे उठायला मला हाक मारायची.

ईद झाल्यावर पनवेलला गेलो तेव्हा ती आधीपेक्षा हडकली होती. डॉक्टरणीनं पुन्हा चिमटी घेतली आणि कपाळाला हात लावला.

"काकू, मी काय सांगितलं होतं?"

"मधी रमजान आला, डॉक्टर."

"अहो, पण मग..."

"मग काय, अल्लाला सांगू का, थांब, चरबी जमवतेय?"

डॉक्टरीण रागावली नाही. तिनं खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "गुडघा बरा झाला तर तुम्हाला नक्की काय करायचंय?" आतापर्यंत हे कुणी विचारलं नव्हतं. ही म्हणाली, सजदा. डॉक्टरणीला नीट कळेना, की त्यात गुडघा किती वाकतो. हिला करून दाखवता येईना. दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

दवाखान्याच्या फरशीवर कर्मचाऱ्यानं एक चादर अंथरली. मी चपला काढल्या आणि उभा राहिलो. जुम्म्याच्या गर्दीबाहेर कितीतरी दिवसांनी मी माझ्या शरीराला ते करायला सांगत होतो. आधी गुडघे, मग हात, मग कपाळ. मागून हिचा आवाज आला, "कोपरं वर घ्या, मास्तर. सगळं सोडून दिलंत." वर आलो तेव्हा डॉक्टरीण कागदावर कोन काढत होती. ती म्हणाली, एरवी मी उकिडवं बसायलाही नाही म्हणते. पण दुखणं उतरलं, तर तीन महिन्यांनी, गुडघ्याखाली जाड गोधडी घालून, आणि कुणीतरी धरायला असताना, दिवसातून एकदा बघू.

त्यानंतरचा उन्हाळा आंब्यांचा होता. रायवळ आंबे ती लहान मुलीसारखी चोखून खायची. रस, तूप, भाकरी, दुपारची झोप. पावसाच्या तोंडावर पोटावर कशीबशी चिमूट भरली.

उपचाराच्या दिवसाचं मला एवढंच आठवतं, की ती स्वतःच्या पायांनी आत गेली आणि दुपारनंतर पोटाला पट्टा बांधून बाहेर आली. "गुडघा राहिला बाजूला, पोटच दुखतंय," गाडीत बसताना म्हणाली. चौक गाव येईपर्यंत माझ्या खांद्यावर झोपली. पोटावर पुढं बरेच दिवस जांभळे डाग होते. ती ते मला दाखवायची आणि म्हणायची, बघा, तुमच्या तुपाचं काय झालं.

गुडघ्याचं म्हणाल तर पहिल्या महिन्यात काही नाही. दुसऱ्यात तिनं रात्रीची गोळी मागायची सोडली, पण हे तिच्याही लक्षात आलं नव्हतं. व्यायाम शिकवणारी बाई यायची, पाय उचलायला लावायची. पायऱ्या उतरताना ती आता कठडा नुसता शिवायची. चमत्कार म्हणावा असं काही नव्हतं. पाऊस सरला आणि दिवाळीच्या आधीच्या एका कोरड्या थंड पहाटे तिनं फजरच्या वेळी मला उठवलं.

"या. धरा."

मी गोधडी घडी करून ठेवली. तिचे दोन्ही दंड धरले. ती हळूहळू उतरली, मध्ये एकदा थांबली, ओठ दाबले, आणि मग गुडघे टेकले. हात टेकले. कपाळ टेकलं.

बराच वेळ ती वर आली नाही. मला वाटलं अडकली. हाक मारणार होतो, पण तिचा श्वास शांत चालला होता. तिच्या पाठीवरची ओढणी जराशी वरखाली होत होती. बाहेर कुणीतरी मोटारसायकल सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

"उचला आता," ती शेवटी खालूनच म्हणाली.

मी वाकलो तर माझाच गुडघा वाजला, आणि तिला धरण्याऐवजी मी तिच्या शेजारी बसकण मारली. ती जमिनीवर कलंडून हसायला लागली. आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो, उजाडेपर्यंत. दूधवाल्याची वेळ टळली. उठायचं कसं, यावर आम्ही गंभीर चर्चा केली. शेवटी ती माझ्या खांद्यावर आणि मी पलंगाच्या कडेवर, असं उठलो.

मग रोजचंच झालं. बाकीच्या नमाजा खुर्चीवर, फजर जमिनीवर. गुडघ्यातली ती सुई तिला खाली जाण्यापुरती पुरली, वर यायला मी लागायचो. डॉक्टरणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, एवढं झालं यातच मला समाधान आहे. हिलाही होतं. तिची नमाज चालू असताना मी शेजारी पाट घेऊन पुस्तक उघडून बसायचो, पण वाचायचो नाही. खाली जाताना धर, वर येताना धर. माझे हात तिच्या आधी उठू लागले होते.

असा एक हिवाळा गेला. मग एका दुपारी तिचं हृदय थांबलं. गुडघ्यांचा त्यात काही संबंध नव्हता.

जनाज्याच्या नमाजेत कमरेत वाकायचा रुकू नसतो, सजदाही नसतो. सगळी उभ्यानंच होते. हे मला माहीत होतं. वडिलांच्या वेळी, आईच्या वेळी मी त्याच रांगेत उभा राहिलो होतो. अल्लाहू अकबरच्या तकबिरी झाल्या, लोकांनी उजवीकडे सलाम फिरवला, डावीकडे फिरवला. नमाज संपली. रांगा मोडू लागल्या, आणि मी तिथंच उभा होतो, हात थोडे पुढं काढून. शेजारी उभ्या असलेल्या आमच्या मुलाला वाटलं मला भोवळ येतेय. त्यानं माझे दंड धरले.

"बाबा, खाली बसता का?"

मी हो म्हणालो.