ताई गेली, लागा कामाला

दत्तादादाचा मेसेज आला तेव्हा मी चहाचा कप घेऊन सर्व्हर रूमच्या दाराबाहेर उभा होतो. आत चहा न्यायला शैलाताईंची सक्त मनाई. मेसेज दोनच शब्दांचा होता, ‘ताई गेली.’ मी कप खाली ठेवला आणि ओरडलो, “चला रे, ताई गेली. लागा कामाला!” माझी सहकारी कल्पना हसली. कोणीतरी म्हणालं, “यंदा लवकरच गेल्या…” हे वाचून आमच्या अकलेबद्दल आणि काळजाबद्दल तुम्हाला जी शंका येईल, ती मला गेले काही आठवडे रोज येते आहे. म्हणून हे सगळं पहिल्यापासून सांगायला हवं. सांगितल्यावाचून मला चैन पडणार नाही.

शैलाताई आमच्या विद्यापीठाच्या संगणक विभागाच्या प्रमुख. विद्यापीठ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एक इमारत येते. आमचं विद्यापीठ म्हणजे शहापूर-मुरबाडच्या डोंगरांपासून पार शहरापर्यंत विखुरलेली महाविद्यालयं. त्या सगळ्यांचे प्रवेश, परीक्षा, निकाल आणि पगार ज्या यंत्रणेवर चालतात ती चालू ठेवायची आणि चोरांपासून राखायची, हे आमचं काम. ताई राहायच्या वैशाखऱ्याला, आई आणि धाकटा भाऊ दत्तादादा यांच्यासोबत. एसटीने मुरबाड, तिथून दुसरी गाडी पकडून शहापूर, असा रोजचा प्रवास. क्वार्टर मिळत होतं, घेतलं नाही. मी सापगावचा, घर ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर, आणि तरी रोज उशिरा पोचणारा मीच. मुलाखतीच्या दिवशी त्यांनी माझी प्रमाणपत्रं बाजूला सारली आणि म्हणाल्या, “नखं खातोस? बरं आहे. निवांत माणूस या कामाला चालत नाही.” पुढे मात्र त्याच नखांवरून मला वर्षानुवर्षं टोमणे बसले.

त्या संत वगैरे नव्हत्या. तापट होत्या, हट्टी होत्या, आणि लोकांना खजील करण्यात त्यांना एक खोडकर आनंद मिळायचा. महाविद्यालयांना त्या स्वतःच खोट्या मेल पाठवायच्या: ‘आपला पगार थांबवण्यात आला आहे, कृपया इथे दाबा.’ दाबणाऱ्याला लगेच ताईंचा फोन. एकदा एक प्राचार्य चांगलेच भडकले. “मॅडम, तुम्ही आम्हाला मूर्ख समजता?” ताई शांतपणे म्हणाल्या, “मी नाय हो सर. चोर समजतात. त्यांनी समजायच्या आधी मी फोन केला.” दुसऱ्या दिवशी त्याच प्राचार्यांनी त्यांना ऑफिसात बोलावून चहा पाजला. तो अपमान की पाहुणचार, यावर आम्ही आठवडाभर वाद घालत होतो.

पण त्यांचा खरा वेडेपणा वेगळाच होता. त्या वर्षातून एकदा मरायच्या. त्यांच्या आधीचे प्रमुख मोठे हुशार गृहस्थ, सगळे पासवर्ड डोक्यात ठेवायचे. ऐन निकालाच्या दिवसांत त्यांना पक्षाघात झाला, वाचा गेली. निकाल अडकला. टोकावड्याहून एक मुलगी वडिलांना घेऊन रोज यायची, नर्सिंगच्या प्रवेशाला गुणपत्रिका हवी होती म्हणून. ताई तेव्हा विभागात अगदी नवीन. त्या वडिलांनी त्यांना विचारलं, “मॅडम, एका माणसाच्या डोक्यात इतक्या पोरांचा निकाल कसा काय ठेवता तुमी?” गुणपत्रिका निघाली तोवर प्रवेश हुकला होता. हा प्रसंग सांगताना ताईंचा आवाज चढायचा, जणू तो माणूस अजून बाहेरच्या बाकावर बसलेला आहे. प्रमुख झाल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते हे: आधी न सांगता, कुठल्याही एका दिवशी, त्या ‘मरणार’. त्या दिवशी त्यांना फोन नाही, घरी फोन नाही, एक शब्द विचारायचा नाही. त्यांच्याशिवाय सगळं चालवून दाखवायचं. मेसेजही त्या स्वतः करायच्या नाहीत. “मेलेलं माणूस मेसेज कसा करील?” म्हणून तो दत्तादादाने करायचा. शब्द ठरलेले, ‘ताई गेली.’ मग दिवेलागणीला ताईंच्या नंबरवरून फोन यायचा आणि पहिलं वाक्य असायचं, “उठले मी. काय काय मोडलंत?”

पहिल्या वर्षी आम्ही जवळपास सगळंच मोडलं होतं. दुसऱ्या वर्षी निम्मं. मला त्या दिवसाचा मनस्वी राग यायचा. एकदा मी भांडलोच, “ताई, सराव करू, पण हे मरण-बिरण कशाला? रजेवर गेले म्हणा ना.” त्या म्हणाल्या, “रजेवरच्या माणसाला तू गुपचूप फोन लावतोस, महेश. मला माहीत आहे ना.” त्यांच्या आईला तर हा खेळ मुळीच खपत नसे. मी एकदा घरी जेवायला गेलो तेव्हा नाचणीची भाकरी वाढता वाढता आई बोलत होत्या, “किती टाइम बोलले हिला, असं अभद्र तोंडातून काढू नको गो. ऐकतच नाय.” ताई हसत जेवत राहिल्या.

तर त्या सकाळी मेसेज आला आणि आम्ही कामाला लागलो. मुख्यालयाला कळवलं, सराव सुरू आहे. थोड्याच वेळात मुरबाडकडच्या एका महाविद्यालयातून फोन आला. तिथल्या लिपिकाने एक मेल उघडली होती आणि संगणकावरच्या फाइली एकामागून एक कुलूपबंद होत चालल्या होत्या. कल्पना म्हणाली, “या वेळी ताईंनी पेपर कठीण काढलाय.” आम्हाला वाटलं, हासुद्धा त्यांचाच डाव. पण तो डाव नव्हता, खराखुरा हल्ला होता, आणि तो मुख्य यंत्रणेच्या दिशेने सरकत होता. आम्ही त्या महाविद्यालयाची लाइन तोडली, सगळ्यांचे पासवर्ड बदलले, वेगळ्या ठेवलेल्या प्रतीवरून निकालाचे तक्ते परत आणले. कोणी कोणाला विचारत थांबलं नाही. दुपार टळली तेव्हा सगळं जागेवर होतं, एक गुणही हरवला नव्हता. आम्ही भेळ मागवली. ताईंना हे कोणी सांगायचं यावरून कल्पनाशी माझं भांडण झालं. मीच सांगणार होतो. काय काय मोडलंत म्हणाल्या की म्हणायचं, “ताई, आज खरा चोर आला होता आणि हात हलवत गेला…” हे वाक्य मी मनात घोळवत संध्याकाळभर येरझाऱ्या घालत होतो.

दिवे लागले, फोन आला. नंबर दत्तादादाचा होता. मी म्हटलं, “काय दादा, उठल्या का ताई?”

दादा म्हणाला, “महेश… तुमी कोणच नाय आलात रे. दुपारपर्यंत ठेवली होती. आई बोलली, पोरांचे हात लागूदे…”

सकाळी एसटीला निघताना ताई अंगणात खाली बसल्या होत्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. दादाने आम्हाला कळवलं. पुढे त्याने मला सांगितलं, “दुसरं काय लिवायचं सुचलंच नाय. बोटांना तेच येत होतं.” आणि आम्ही, त्यांनीच शिकवल्याप्रमाणे, ना फोन केला, ना कोणाला विचारलं. त्यांना अग्नी दिला जात होता तेव्हा आम्ही भेळ खात होतो. हे वाक्य लिहिलं आणि उठून घरभर फिरून आलो. पुन्हा बसलो. वाक्य तसंच आहे.

दहाव्याला आम्ही सगळे वैशाखऱ्याला गेलो. गावातली माणसं आमच्याकडे बघत नव्हती. दादाने त्यांना सांगून पाहिलं होतं, पण मरायचा सराव ही गोष्ट सांगणार तरी कशी? आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी पाया पडलो. त्यांनी विचारलं, “त्या दिवशी अडलं का काय तुमचं?” मला वाटलं, त्यांना लेकीच्या कामाबद्दल ऐकायचं असेल. मी घाईघाईने म्हणालो, “नाही आई, काहीच अडलं नाही. ताईंनी इतकं चोख बसवून दिलं होतं की…” त्यांनी मला मध्येच थांबवलं. “तुमचं नाय अडलं. माझं अडलंय ना.” मी उठलो आणि हमरस्त्यापर्यंत चालत गेलो. घाटाकडे जाणारी एक एसटी माझ्यासाठी थांबली, मी नको म्हणून हात केला.

तेव्हापासून ऑफिसात मला राग येतो तो यंत्रांचा. एखादं तरी बंद पडायला हवं होतं. सर्व्हर रूमच्या थंडीसाठी ताई एक मरून रंगाची शाल वापरायच्या, ती दारामागच्या खिळ्यावर तशीच आहे, आणि तिच्या शेजारी ते सगळे हिरवे दिवे निमूट लुकलुकत असतात. त्यांच्या खुर्चीत आता मी बसतो. बसतो कसला, दर थोड्या वेळाने उठतो. ताईंना हेच हवं होतं, हे मला कळतं. माणसावाचून चालावं म्हणूनच त्यांनी इतकी वर्षं जिवाचा आटापिटा केला. पण चालतंय, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

परवा कल्पना केबिनमध्ये आली आणि म्हणाली, “सर, आता तुम्ही मरायला हवं.” बोलून गेली आणि तिचे डोळे भरले. तिचं बरोबर होतं. नवे पासवर्ड, नव्या चाव्या, अर्ध्या गोष्टी माझ्याच डोक्यात साचू लागल्या होत्या. टोकावड्याच्या त्या माणसाने आता मला विचारलं असतं. मी वैशाखऱ्याला गेलो, दादाला म्हटलं, माझा मेसेज तूच कर. दादाने हातातला फोन बाजूला ठेवला. आतून आईंचा आवाज आला, “तसलं काय लिवायचं नाय परत. महेश आईकडे आलाय, असं लिव. कळंल त्यांना.”

काल तसा मेसेज गेला. मी फोन बंद करून त्यांच्या ओटीवर बसलो. बसवत नव्हतं. विहिरीपर्यंत गेलो, परत आलो, दादाचं कुंपण उगाच हलवून पाहिलं, नखं संपवली. आईंनी दोनदा चहा दिला. दिवेलागण झाली. ताई जिथे बसून फोन करायच्या त्या पायरीवर आई येऊन टेकल्या आणि म्हणाल्या, “लाव आता. ती याच टाइमाला लावायची.” मी फोन चालू केला, लावला. पलीकडे कल्पनाने उचलला, मागे सगळे गोळा झाल्याचा आवाज आला. मला ताईंचं ते वाक्य म्हणायचं होतं. मी उठून उभा राहिलो, परत बसलो…

आईंनी माझ्या हातातून फोन घेतला. कानाला न लावता तोंडासमोर धरला आणि मोठ्याने म्हणाल्या, “काय काय मोडलात रे पोरांनो?”