बारा नंबरची हजेरी

जॉर्डन देशात काय काय बघितलं, असं चर्चमधले सगळे मला विचारतात. खरं सांगू का, मी तिथं बायकोचा पदर बघितला. हिरव्या इरकल साडीचा तांबडा पदर. विमानतळावर पदर, हॉटेलात पदर, जुन्या देवळांच्या पायऱ्यांवर पदर. लोक माना वर करून भिंतीवरची चित्रं बघायचे आणि मी माणसांच्या गर्दीत तांबडं काही दिसतंय का ते शोधायचो.

ती साडी मीच निवडली होती. सूनबाईनं प्रवासाला म्हणून फिक्या रंगाच्या साड्या आणल्या होत्या. मी त्या परत कपाटात ठेवल्या. फिकी साडी लांबून दिसत नाही.

बायको विसरायला लागली होती. आधी आमटीत मीठ दोनदा पडायचं, मग गॅस तसाच चालू राहायला लागला. हे मी कुणाला सांगितलं नाही. मग एका दुपारी मी जरा पडलो होतो, उठून बघतो तर दार उघडं. सगळी गल्ली धुंडाळली. शेवटी सोलापूरच्या एसटी स्टँडवर सापडली, बार्शीच्या गाडीत खिडकीजवळ बसलेली. मांडीवर पिशवी, पिशवीत एक टॉवेल. म्हणाली, "माहेराला चाललीया. आई वाट बघत असंल." तिची आई जाऊन किती वर्षं झाली.

डॉक्टर म्हणाले, "काका, हा आजार वाढत जाणारा आहे." मी म्हणालो, "वय झालं की सगळेच विसरत्यात." डॉक्टर गोळ्या लिहायला लागले. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

तिला एक डोंगर बघायचा होता. लहानपणी बार्शीत संडे स्कूलला तिनं एक चित्र बघितलं होतं. म्हातारा मोशे नबो डोंगरावर उभा आहे आणि खाली देवानं कबूल केलेला देश बघतोय. त्यानं लोकांना रानातून तिथवर आणलं, पण त्याला स्वतःला आत जायची परवानगी नाही. आमचं लग्न झालं त्या आठवड्यातच तिनं मला विचारलं होतं, "अवो, त्या म्हाताऱ्याला आत का सोडलं न्हाय?" मी चौथी शिकलेला, टॉवेलचे माग दुरुस्त करणारा जॉबर. मी म्हणालो, "मला काय ठावं? मी काय पाद्री हाय का?" ती म्हणाली, "एकदा त्या डोंगरावर जाऊन बघायचं."

मग आयुष्यभर मी माग दुरुस्त करत राहिलो. सोलापुरात काम मिळेना तेव्हा चिंचोळी एमआयडीसीत सायकल मारत गेलो. डोंगर तसाच राहिला. आता डॉक्टरांनी असं सांगितल्यावर माझ्या डोक्यात एकच बसलं. डोंगर म्हणजे काय, हे ती विसरायच्या आत तिला तिथं उभी करायची.

मुलगा पुण्यात असतो. फोनवर ओरडला, "बाबा, आईला अशा परिस्थितीत कुठं घेऊन चाललाय? हरवली म्हणजे?"

मी म्हणालो, "माझी बायको हाय ती. छत्री न्हाय हरवायला."

सहल नेणाऱ्या बाई चाळिशीच्या, चुणचुणीत. निघायच्या आधी त्यांनी सगळ्यांना बसवून स्पष्ट सांगितलं, "कुणाला विसरण्याचा त्रास असेल तर सोबत घरचं तरुण माणूस पाहिजे. नाहीतर मी नेणार नाही. आत्ताच सांगा, नंतर नको." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी पंख्याकडे बघत बसलो.

तिथं गेल्यावर बाईंनी प्रत्येकाला एक नंबर दिला. बसमध्ये बसलो की आपापला नंबर मोठ्यानं म्हणायचा, मगच गाडी हलायची. माझा अकरा, बायकोचा बारा. पहिल्याच दिवशी माझं अकरा म्हणून झालं आणि ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. मी पटकन म्हणालो, "बारा."

"काका, काकूंचा नंबर काकूंनी म्हणायचा."

"तिचा घसा बसलाय."

पुढं प्रत्येक वेळी मी एका श्वासात म्हणायचो, "अकरा-बारा." बाई माझ्याकडे बघायच्या आणि मी पुढच्या काचेकडे. आमच्यात बार्शीच्या एक रिटायर नर्सबाई होत्या, तोंडानं फाटक्या. त्या मागच्या सीटवरून ओरडल्या, "दादा, वहिनींचा घसा हाय का आपल्या सोलापूरचा नळ? सुटायचं नावच घेत न्हाय!" सगळी बस हसली. बायकोही हसली. ती हसली म्हणून मी रागावलो नाही.

पण नर्सबाईंची मला भीती वाटायची. बायको जेवताना हात थांबवून नुसती ताटाकडे बघत राहिली की त्या तिच्याकडे बघायच्या. मग मी मोठ्यानं म्हणायचो, "हितलं जेवण तिला आवडंना," आणि घरून आणलेली शेंगाची चटणी काढायचो. हॉटेलच्या खोलीत मी दाराला खुर्ची लावायचो आणि खुर्चीवर बॅग. ती झोपली की मला बरं वाटायचं आणि ती झोपली की मला झोप यायची नाही.

नबो डोंगरावर गेलो तो दिवस मोकळा होता, ऊन होतं, पण वारा गार. वर जुनं देवस्थान आहे, फरशीवर रंगीत खड्यांची चित्रं काढलेली. माणसं, जनावरं, झाडं. सगळं बारीक खड्यांनी. ते बघून आम्ही कठड्याजवळ गेलो. खाली सगळा उजाड मुलूख, लांब धुरकट. आमच्याकडच्या माळासारखाच. मी तिचं मनगट धरून उभा होतो. माझ्या मनात एवढंच, की कठडा कमरेइतका आहे, पाय घसरला तर काय.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हितनंच बघितलं व्हय त्यानं?"

"व्हय."

"एवढं चालत आला आणि दारातनं माघारी. लई वाईट वाटलं असंल म्हाताऱ्याला."

तिला सगळं ठाऊक होतं. मोशे ठाऊक होता, डोंगर ठाऊक होता, मी ठाऊक होतो. मी मनात म्हणालो, डॉक्टर चुकले. मुलगा चुकला. मी आणली ते बरोबर केलं.

त्या आनंदात तिच्या मनगटावरची माझी पकड ढिली झाली. नर्सबाई म्हणाल्या, "दादा, आता जरा सोडा की तिला. का लग्नाची गाठ अजून सुटली न्हाय? माघारी जाताना वहिनींना माझ्याजवळ मागं बसू द्या. आमी बार्शीच्या गप्पा मारतो." मी म्हणालो, "बसू द्या की." माझे गुडघे मागच्या सीटवर दुमडत नाहीत, म्हणून मी पुढंच बसायचो.

डोंगर उतरल्यावर रस्त्याला एक कारखाना लागला. तिथं बाया रंगीत खड्यांची चित्रं करतात आणि पुढं दुकानात विकायला ठेवतात. सगळे आत गेले. मी एका बाकावर टेकलो. बायको नर्सबाईंबरोबर आत जाताना मी पदर बघितला. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच, तो पदर आत गेला तरी मी उठलो नाही.

थोड्या वेळानं सगळे बाहेर आले, बसमध्ये चढले. हजेरी सुरू झाली. मी म्हणालो, "अकरा." आणि त्या दिवशी बारा म्हणालो नाही. मागून बायकी आवाज आला, "बारा!" स्पष्ट, खणखणीत.

बाई हसून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सुटला की काकूंचा घसा."

माझी छाती फुगली. वळून बघावंसं वाटलं, पण वळलो नाही. म्हटलं, बघू दे लोकांना, माझी बायको स्वतःचा नंबर स्वतः म्हणते. गाडी निघाली. मी बाहेरची टेकाडं बघत बसलो. त्या देशातलं मी तेवढंच नीट बघितलं असेल.

बऱ्याच लांबवर चहाला गाडी थांबली. मी खाली उतरून दाराशी उभा राहिलो, तिला हात द्यायला. एक एक माणूस उतरलं. शेवटी नर्सबाई उतरल्या. एकट्या.

"हिला कुटं सोडली?" मी म्हणालो.

"वहिनी? त्या पुढं तुमच्याजवळ न्हाईत?"

"मागं तुमच्याजवळ बसल्यात की!"

"न्हाय वं दादा. मी दुकानातनं येऊन चढले तर त्या मागं नव्हत्या. म्हटलं तुमी परत पुढं नेलं असंल. तुमी काय सोडताय तिला."

"मग बारा कोण म्हणालं?"

नर्सबाईंचं तोंड उतरलं. "मी म्हणाले. म्हटलं, तुमाला रोज मॅडमचं ऐकून घ्यायला लागतंय, आज आपण म्हणावं."

त्यांना पहिल्या दिवसापासून कळलं होतं. मला वाटत होतं मी झाकतोय, आणि त्या माझं झाकणं झाकत होत्या.

बाई धावत आल्या. ड्रायव्हरनं गाडी वळवली. बाई दुकानाला फोन लावत होत्या, कुणी उचलत नव्हतं. माझ्याशेजारी बसून त्यांनी विचारलं, "काका, काकू नावानं हाक मारली तर ओ देतील?"

"कदी कदी."

"हॉटेलचं नाव सांगता येईल त्यांना?"

"न्हाय."

"बाहेर पडल्या तर कुठल्या बाजूला जातील? नीट विचार करून सांगा."

मला काय सांगावं कळेना. पण खरं तेच तोंडातून आलं. "बार्शीला."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग मी सगळं सांगितलं. एसटी स्टँड, गॅस, डॉक्टर. बस ऐकत होती. माझ्या घरातली गोष्ट परक्या मुलखात, एवढ्या लोकांसमोर. पण त्या वेळी मला लाज कुठली. खिडकीबाहेर जे जे तांबडं दिसेल ते बघून काळीज हलत होतं. एक तांबडी प्लास्टिकची पिशवी काट्याला अडकून फडफडत होती, मी ओरडलो, "थांबवा!" ड्रायव्हरनं ब्रेक मारला. पिशवीच ती. मागून नर्सबाईंच्या रडण्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, "रडू नगा. आदी सापडू द्या, मग काय रडायचं ते रडा."

गाडी दुकानापाशी पुरती थांबायच्या आत मी उतरलो. बाकड्यावर नाही. दुकानात नाही. दारापुढं मोठा रस्ता, गाड्या वेगानं जाणाऱ्या. मी त्या रस्त्याकडे बघून थिजलो. बाई आत कुणाशी तरी बोलत होत्या. मग त्यांनीच हाक मारली, "काका, इकडे या."

मागच्या खोलीत लांब टेबलाला काम करणाऱ्या बाया बसल्या होत्या. त्यांच्यात एक बसली होती, पांढऱ्या केसांची. तिला कुणीतरी कामावरचा राखाडी झगा साडीवरून घातला होता. पदर झग्याच्या आत. म्हणून कुणाला दिसली नाही. समोर रंगीत खड्यांचं ताट, आणि ती एक एक खडा उचलून बाजूला टाकत होती. तिचा तो हात मला ओळखीचा होता. लग्नाआधी ती बार्शीच्या आडतीवर धान्य निवडायला जायची.

मला बघून म्हणाली, "आलासा व्हय? बसा. जोंधळा लई खड्याचा हाय. कवाधरनं निवडतीया, दाणा म्हणून गावंना."

शेजारची बाई आमची भाषा न समजता हसली. तिनं ताट अजून थोडं बायकोपुढं सरकवलं.

मी खाली बसलो. म्हणालो, "व्हय. लई खड्याचा हाय." आणि मीही एक निळा खडा उचलून बाजूला टाकला.

बाहेर आल्यावर बाईंनी मला एका बाजूला घेतलं. "काका, मी निघायच्या आधी विचारलं होतं."

"सांगितलं असतं तर आणलं असतं का तुमी आमाला?"

त्या खोटं बोलल्या नाहीत. "नसतं आणलं."

"मग?"

"मग काय? काकू त्या रस्त्यावर गेल्या असत्या तर?"

आणली ते बरोबर केलं, हे मी आजही म्हणतो, आणि तो रस्ता आजही डोळ्यापुढून जात नाही.

दुसऱ्या दिवशी नदीवर जायचं होतं. बसमध्ये हजेरी सुरू झाली. दहा झालं. मी म्हणालो, "अकरा." नर्सबाईंनी तोंडावर हात धरला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "बारा हितं माझ्याजवळ हाय. हिचा नंबर मी म्हणणार. दुसऱ्या कुणी म्हणायचा न्हाय. आणि मॅडम, माझ्यावरबी इस्वास ठेवू नगा. रोज हितं येऊन बघून जावा."

बाई आल्या, बायकोच्या खांद्याला हात लावला आणि मग ड्रायव्हरला खूण केली. परत येईपर्यंत रोज तसंच केलं.

आता आम्ही घरी आहोत. डोंगर बघितलेला तिला आठवत नाही. मी विचारतो, ती म्हणते, "कुटला डोंगर?" दुपारी मी तिच्यापुढं जोंधळ्याचं ताट ठेवतो. हल्ली दुकानात जोंधळा मशीननं साफ करून येतो, त्यात निवडायला काही नसतं. म्हणून मीच फाटकाजवळचे बारके खडे धुऊन त्यात मिसळतो. ती काढते आणि स्टीलच्या वाटीत टाकते. मी मागं मोरीत असलो, नाहीतर दाढी करत असलो, तर तिथूनच म्हणतो, "बारा?" ती काही म्हणत नाही. मी वस्तरा थांबवून कान देतो. वाटीत खडा पडल्याचा आवाज आला की दाढी पुढं चालू करतो.