खिशातली पितळी पट्टी

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही फारसा नाही. बरीच वर्षं बातमीदारीत गेली. कोणी, कुठे, केव्हा, कसं हे विचारून खात्री झाल्याशिवाय ओळ लिहायची नाही, ही सवय. इथेही फक्त स्वतः पाहिलेलं आणि घरच्यांनी समोर बसून सांगितलेलं लिहितोय.

साल १९९२, पावसाळा नुकताच संपलेला. मी बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायचो आणि एका साप्ताहिकात काम करायचो. मामा अंबरनाथला मोरिवलीत. कारखान्यात माल वाहणाऱ्या ज्या बॅटरीवरच्या ट्रॉल्या असतात, त्या चार्ज करण्याचं काम ते करायचे. त्यांची मुलगी सुनंदा तेवीस वर्षांची. लहानपणी पोलिओ झाला, त्यामुळे दोन्ही पायांना कॅलिपर.

तिच्यासाठी मामांनी आणि लच्छूभाईंनी मिळून एक गाडी बनवली होती. लच्छूभाई मामांचे दोस्त, उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये त्यांचं गॅरेज. जुन्या छोट्या गाडीचं इंजिन काढून मोटर बसवली, मागे आठ बॅटऱ्या. क्लच नाही, गिअर नाही, ब्रेकसुद्धा हाताने.

मामांची कारखान्यातली एक शिस्त होती. बॅटऱ्यांवर काम चालू असताना चौथी आणि पाचवी जोडणारी पितळी पट्टी काढायची आणि स्वतःच्या खिशात ठेवायची. ज्याने काढली त्यानेच लावायची. पट्टी नसली की गाडीत करंट फिरत नाही... चाक नाही, दिवा नाही, हॉर्नही नाही. लच्छूभाई चिडवायचे, "साईं, गाडी तो तुम्हारे जेब में रहती है. कभी धोबी को मत दे देना."

लच्छूभाईंची स्वतःची सवय वेगळी. चार्जिंग पूर्ण झालं की ते दोनदा हॉर्न वाजवायचे. मग मामी त्यांच्यासाठी चहा घेऊन शेडमध्ये जायची.

जूनमध्ये लच्छूभाई हार्ट अटॅकने गेले. त्यानंतर मामा गाडीकडे फिरकले नाहीत. कारखान्यातल्या ट्रॉल्यांना वेळेवर पाणी घालणारा माणूस, पण घरामागच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या या गाडीच्या बॅटऱ्यांत चार महिने डिस्टिल्ड वॉटरचा थेंब पडला नाही.

ऑक्टोबरात सुनंदाला एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली. मुलाखतीत साहेबांनी विचारलं होतं, "रोज कोण आणून सोडणार?" ती म्हणाली होती, "मी माझ्या गाडीने येईन." सोमवारी नऊला हजर व्हायचं होतं. नाही झाली तर यादीतलं पुढचं नाव तयार होतं.

शनिवारी मी पोहोचलो तेव्हा मामांनी मीटर लावला. काटा जागचा हलला नाही.

"मेल्यात का?" मी विचारलं.

"झोपल्यात म्हण," मामा म्हणाले. चेहऱ्यावरून तसं वाटत नव्हतं.

लच्छूभाईंच्या मुलाकडून चार्जर आणला. तो एका वेळी चारच बॅटऱ्या घेणारा, म्हणून मामांनी मधली पट्टी काढून शर्टाच्या खिशात टाकली आणि चार-चार करून चार्जिंगला लावल्या. रविवारी संध्याकाळी पहिल्या चारांचा काटा जेमतेम उचललेला.

"रिक्षा सांगून ठेव," मामा मला म्हणाले.

"रिक्षाने मी जाणार नाही," सुनंदा म्हणाली. "पहिल्याच दिवशी खोटी पडू?"

"अगं, बंद पडली तर रस्त्यात बसून राहशील."

"राहीन. बसायची सवय आहे मला."

मामा हसले नाहीत.

सोमवारी सकाळी आठला मी पुढच्या ओट्यावर चहा घेत होतो. मामा मोरीत अंघोळ करत होते. मागच्या शेडमधून हॉर्न ऐकू आला — दोनदा, खणखणीत. मामा ओल्या अंगानेच बाहेर आले. "घेतला चार्ज," एवढंच म्हणाले आणि धुतलेला शर्ट चढवायला लागले. मामीने बुद्धाच्या मूर्तीसमोर मेणबत्ती लावली. सुनंदा गाडीत बसली, वेगाची दांडी पुढे केली. गाडी निघाली.

मी मागे सायकलवर. साधारण चार किलोमीटर, मध्ये एक चढ. गाडी कुठेही अडखळली नाही. नऊला दहा कमी असताना वॉचमनने गेट उघडलं आणि ती आत गेली.

मी परत आलो तेव्हा मामी कपडे धुवायला बसली होती.

"अहो, हे काय राहिलंय कालच्या शर्टात?"

तिच्या हातात पितळी पट्टी होती.

मामांनी ती हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "पहाटे चार्जर काढताना लावली असेन, असं धरून चाललो." थोड्या वेळाने पुन्हा, "नोकरीत असं कधी धरून चाललो नाही."

"कंपनीत फोन करू का? तीच उचलेल," मी म्हणालो.

"काय सांगणार? तुझी गाडी चालत नाही म्हणून?"

संध्याकाळी साडेपाचला सुनंदा आली. स्वतः चालवत. तिने गाडी शेडमध्ये लावली आणि मामांनी मागचं झाकण उघडलं. चौथी आणि पाचवीच्या मध्ये रिकामी जागा. दुसरी पट्टी नाही, वायर नाही. बाकीच्या सहा पट्ट्या जागेवर, सातवी मामांच्या मुठीत. मी हॉर्न दाबला, वाजला नाही. मामांनी पट्टी लावली. तरी नाही. मीटरचा काटा शनिवारी होता तिथेच.

"मग सकाळी कसा वाजवलास?" मामांनी विचारलं.

"मी कुठे? मी तर आत कॅलिपर बांधत होते. मला वाटलं, दादाने वाजवला."

दोघंही माझ्याकडे बघायला लागली. मी ओट्यावर होतो.

दुसऱ्या दिवशी लच्छूभाईंच्या मुलाने नवा सेट पाठवला. सुनंदाने पुढे त्या कंपनीत बरीच वर्षं नोकरी केली. जुन्या बॅटऱ्या लच्छूभाईंच्या मुलाने उघडून पाहिल्या. आतल्या प्लेट्स कधीच्याच गेल्या होत्या, म्हणाला. ओळखीच्या दोन इंजिनिअरना मी हा प्रकार सांगितला. एकाने तुम्ही नीट पाहिलं नसेल म्हटलं, दुसऱ्याने विषय बदलला. मी स्वतः अनेकदा सगळा क्रम मांडून पाहिला. उत्तर अजून सापडलेलं नाही.

त्या संध्याकाळची एक गोष्ट राहिली. आम्ही तिघं गाडीपाशी उभे असताना मामी आत गेली, कपभर चहा घेऊन आली आणि गाडीच्या टपावर ठेवला.

"सकाळी द्यायचा राहिला," ती म्हणाली.