मुक्ताचं नाव आलं होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही — तिला तर मुळीच नाही, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि वाचून 'बिचारी' म्हणायचा विचार असेल, तर इथंच थांबा. मी बिचारी नाही.

मला दोन मुली. सायली थोरली, मुक्ता तिच्याहून सव्वा वर्षानं धाकटी. सायलीला मी मुद्दाम एक वर्ष उशिरा शाळेत घातलं — दोघी एका वर्गात, एका बाकावर, एकमेकींना सोबत. आमच्या बिबवेवाडीत अशा जोड्या पुष्कळ. आई-बाप कामावर, रस्त्यानं गाड्या भरधाव. एकटी पोर पाठवायची कशी? त्यामुळे दोघी जन्मभर एकाच मापानं मोजल्या जाणार, हे तेव्हा सुचलं नाही. शहाणपण आपल्याला उशिरा येतं. शेजाऱ्यांना आधी येतं.

पाचवी संपत आली तेव्हा महापालिकेच्या शाळेत दोन वाटा समोर आल्या. एक म्हणजे आमच्याच शाळेतली सेमी इंग्रजीची 'अ' तुकडी — चांगल्या मार्कांची मुलं, ढीगभर गृहपाठ, शिष्यवृत्तीची तयारी. तिथं दोघींची जागा पक्की होती. दुसरी म्हणजे कर्वेनगरच्या शाळेत नव्यानं निघणारा प्रज्ञावर्ग. तिथं मार्क बघणार नव्हते, डोकं बघणार होते. दोघींनी त्याची परीक्षा दिली.

सायली बाहेर आली ती वेणीचं टोक चावत. मुक्ता मात्र — कसं सांगू? पोरीचे पाय जमिनीवर नव्हते. "आई, असले प्रश्न मला कुणी कधी विचारलेच नव्हते!" जगात आरसे नसते तर काय झालं असतं, असा एक प्रश्न होता. हिनं लिहिलं, भांडणं वाढली असती, कारण प्रत्येकाला आपणच सुंदर आहोत असं वाटलं असतं. घरी येईपर्यंत तेच तेच सांगत होती. बसमधल्या अनोळखी बाईलासुद्धा सांगितलं.

निकाल लागला तेव्हा वर्गाच्या बाईंनी मला एकटीला बोलावलं. मुक्ताची निवड झाली होती. सायलीची नाही. मी उभ्या उभ्याच नको म्हटलं. दोन बस बदलाव्या लागतात, पोर लहान आहे, वगैरे. शिवाय बाईंना म्हटलं, तुम्ही तिला काही बोलू नका, मी घरी सांगते. बाई म्हणाल्या, "मुलगी तुमची आहे. डोकं मात्र तिचं आहे, एवढं लक्षात असू द्या." जूनमध्ये त्यांची बदली झाली आणि माझं फावलं.

घरी येऊन मी मुक्ताला सांगितलं, नाव आलं नाही.

ती रडली नाही. रडली असती तर मी बदलले असते? माहीत नाही. तिनं फक्त विचारलं, "आरशांचं उत्तर चुकलं का गं?"

मी म्हटलं, "चुकलंच असेल."

आता बसचं. ते कारण खोटं होतं. ह्यांनी आधीच सांगितलं होतं, निवड झाली तर मी रोज गाडीवरून सोडीन. मग का केलं? सायलीला वाईट वाटू नये म्हणून? तेही अर्धंच खरं — आणि अर्धं खरं सांगायचं तर इतकी वर्षं गप्प बसले तेच बरं होतं.

मला सायली जास्त आवडते. झालं, लिहून टाकलं. सगळ्या आया म्हणतात, आम्हाला दोन्ही डोळे सारखेच. म्हणू देत. सायली कामावरून आलेल्या मला आधी पाणी देते, मग बोलते. मुक्ता चार वर्षांची असल्यापासून माझ्या चुका काढते — आणि तिचं बरोबर असतं. माझ्या लाडकीला वर्षभर मागं मीच ठेवलं होतं. आता तिच्या डोळ्यांदेखत धाकटी पुढं निघून गेली असती, आणि ते मला बघवलं नसतं. सायलीला नव्हे. मला. म्हणून पुढं जाणारीचे पाय ओढले.

पुन्हा वेळ आली तर काय करीन? तुम्हाला ऐकायला आवडेल असं उत्तर माझ्याकडे नाही. बहुतेक हेच करीन. कारण मन तेच आहे.

तसं वाईट काही झालं नाही. दोघी 'अ' तुकडीत शिकल्या, दोघींना चांगले मार्क पडले, आता दोघी कॉमर्सला आहेत. सोबत जातात, सोबत येतात. लोक कौतुक करतात. मीही मान वर करून ऐकते.

परवा शेजारची लहान मुलगी निबंध घेऊन मुक्ताकडे बसली होती. मी पलीकडे भाजी चिरत होते. पोरीनं विचारलं, "ताई, मला काय वाटतं ते लिहू?" मुक्ता म्हणाली, "छे गं. आपल्याला वाटतं ते चुकतं. गाईडमध्ये आहे तसं लिही."

रागानं नाही म्हणाली. दुःखानंही नाही. ऊन आहे, टोपी घाल म्हणावं, इतक्या सहज म्हणाली. पोरीनं मान डोलावली आणि लिहिलेलं खोडायला लागली.

मुक्ताला हे शाळेनं शिकवलेलं नाही. मी शिकवलंय.