कीरन ट्रेलोर गप्प राहिला तो शनिवार

कीरन ट्रेलोरच्या जिभेला हाड नाही, हे ऑस्ट्रेलियातल्या मूंटा गावात त्याच्या कामावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं. पण ती जीभ रोज संध्याकाळी किती लांबवर ऐकू जाते, याचा मात्र गावात कुणाला पत्ता नव्हता. दिवसा तो बार्लीच्या कोठारांवर ट्रक वजन करून आत सोडायचा. संध्याकाळी आईबरोबर जेवला की मागच्या खोलीचं दार लावून व्हिडिओ गेम खेळत बसायचा, आणि खेळता खेळता बोलायचा. तोंड कधी दाखवलं नाही. पडद्यावर खेळ, त्यावर त्याचा आवाज, आणि नाव ‘खाणीतला उंदीर’. जगभरातली हजारो माणसं ते ऐकायची. वय अडतीस, लग्न नाही. आईला वाटायचं, पोरगं मित्रांशी गप्पा मारतंय.

आणि बोलणं म्हणजे काय, तोंडाचा पट्टा नुसता. शहर वसवायचा खेळ सुरू केला की म्हणायचा, “बघा, रस्ते माझे, कारखाने माझे, आणि कामगारांना नावंसुद्धा नाहीत. एक मेला की दुसरा आपोआप उगवतो. हा खेळ नाही, मालकाला पहाटे पडलेलं स्वप्न आहे.” सिनेमावर घसरला की, “कोट्यधीश मुखवटा घालून शहर वाचवतो. वाचवतो म्हणजे अर्धं पाडतो. मग तो ढिगारा उचलायला कोण येतं, आणि त्याला रविवारचा जादा पगार मिळतो का? ते नाही दाखवणार.” राजकारण तर विचारूच नका. घरभाडी, युनियन, खाणींचा कर. “तुमचा शनिवार-रविवार मालकाने दया येऊन दिला असं वाटतंय का तुम्हाला?” असं तो विचारायचा, आणि त्याच दमात लढाईच्या खेळात दहा-वीस माणसं लोळवायचा. “हे खेळ मला आवडतात हीच तर माझी पंचाईत आहे,” हेही कबूल करायचा. माणूस खोटा नव्हता. वात्रट होता, पण खोटा नव्हता.

त्या वर्षी जुन्या काळातल्या तांब्याच्या खाणीचा एक मोठा खेळ बाजारात आला. खेळणारा त्यात खाणमालक. कीरनने त्या खेळाची अशी सालटी काढली की खेळाचे चाहते पिसाळले. त्यातल्या एकाने, ‘रस्टी’ नावाने वावरणाऱ्याने, लिहिलं, “तू कुठला खाणकामगार? शहरात बसून कॉफी पिणारा पोपट.”

झोंबलं ते. आणि झोंबल्यावर शहाण्याने पाणी पिऊन झोपावं. पण नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. “माझा खापरपणजोबा इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून येऊन खाणीत उतरला,” कीरन म्हणाला. “आजही मतदानाच्या दिवशी आमच्या शाळेत सॉसेजच्या शेजारी पेस्टी मिळते, खाणकामगारांची भलीमोठी भाजलेली करंजी. माझी आई करते. मांस, बटाटा, कांदा, सलगम, कुरकुरीत मुरड, आणि कोपऱ्यात ज्याच्या त्याच्या नावाची अक्षरं कणकेची लावून. तुमच्या शहरात आहे का असं मतदान?”

दुसऱ्या कुठल्या देशात हे खपून गेलं असतं. इथे मतदान सक्तीचं आणि केंद्राबाहेर शाळा खाऊ विकतात, त्यामुळे कुठल्या केंद्रावर काय खायला मिळतं याचे नकाशे लोक हौसेने करतात. मतदान येत्या शनिवारीच होतं. अर्ध्या तासात रस्टीचा निरोप आला. “मूंटा. शाळेचा हॉल. शनिवारी भेटू. समोरासमोर किती बोलतोस ते बघायचंय.”

कीरनने तो निरोप दोनदा वाचला. त्याने खेळ बंद केला, खोलीतला दिवा मालवला आणि खिडकीचा पडदा ओढला. मग स्वतःचीच समजूत घातली, की असे शंभर जण रोज धमक्या देतात, येतं कोण?

बुधवारी आई स्वयंपाकघरात सलगम चिरत होती. मॉर्वेना ट्रेलोर, वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले, तोंड शाबूत. “आज फोनवर एक गोड माणूस होता,” ती म्हणाली. “शाळेने माझा नंबर दिलाय ना ऑर्डरसाठी. एक पेस्टी हवी म्हणाला. अक्षरं कुठली लावू विचारलं, तर म्हणतो, अक्षरं नको, उंदीर काढाल का? कणकेचा उंदीर. आहे की नाही मजा?”

कीरन घाईने म्हणाला, “आई, या वेळी नको जाऊस तू. गुडघे बघ तुझे.”

“आणि टेबल कुणाच्या हवाली करू? ग्लेंडाच्या? ती गाजर घालते पेस्टीत. मरेपर्यंत नाही.”

तेव्हा सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार, इतकी वर्षं दाराआड काय चाललंय ते, आणि आपल्या बढाईपायी आईचं टेबल कुणा परक्याच्या नजरेत आलंय तेही. लाज वाटली आणि भीतीही. लाज आणि भीती एकत्र आल्या की माणसाचं तोंड शिवलं जातं. गुरुवारी तो पोलीस चौकीच्या पायरीपर्यंत गेला. कुणीतरी पेस्टी मागवली, ही काय तक्रार झाली, असं मनाशी म्हणाला आणि परत फिरला.

शनिवारी तो दर वेळेसारखाच शाळेच्या फाटकापाशी आपल्या पक्षाची पत्रकं घेऊन उभा राहिला. आई दिसेल अशा जागी. एकच युक्ती त्याला सुचली होती. लोकांना आपला आवाज माहीत आहे, चेहरा नाही. मग दिवसभर एक अक्षर बोलायचं नाही. आईलाही त्याने सकाळी घसा बसल्याचं खुणेनंच सांगितलं होतं.

शेजारी विरुद्ध पक्षाची पत्रकं वाटत ग्रॅहम पास्को उभा होता. बार्लीचा मोठा शेतकरी, कीरनचा जुना भांडखोर दोस्त. थर्मासमधला चहा दोघांत वाटून घ्यायचा आणि एकमेकांच्या पुढाऱ्यांचा उद्धार करायचा, ही त्यांची प्रत्येक निवडणुकीची रीत.

“आज मौनव्रत का रे?” ग्रॅहमने विचारलं. कीरनने घशाकडे बोट दाखवलं. “घसा बसला? देवा, एकदा तरी माझं गाऱ्हाणं ऐकलंस.”

कीरनला हसू येईना. रांगेतला जो कोणी फोनमधून मान वर करी, तो त्याला रस्टी वाटे. काळ्या टोपीचा पोरगा रस्टी. गॉगलवाला रस्टी. लहान मुलीला खांद्यावर घेतलेला बापसुद्धा रस्टी. पत्रकं घामाने ओली होऊन एकमेकांना चिकटत होती.

तो आला तेव्हा मात्र कीरनने त्याच्याकडे पाहिलंही नाही. पन्नाशीचा, विणलेला स्वेटर, गळ्यात दोरीला चष्मा. कुणाचाही मामा वाटावा असा. तो सरळ आईच्या टेबलापाशी गेला आणि म्हणाला, “उंदराची पेस्टी माझी.”

“तुमची होय!” आईने कौतुकाने कागदाची पुडी उघडून दाखवली. “शेपटी बघा. दोनदा तुटली मेली.”

“सुरेख. आणि तुमचा मुलगा कुठे असतो? फार छान बोलतो म्हणे.”

“कीरन? तो काय, फाटकापाशी. आज बिचाऱ्याचा घसा बसलाय.”

कीरनला एव्हाना आईच्या हातातला कणकेचा उंदीर दिसला होता. माणूस वळला. सावकाश चालत कीरनपुढे येऊन उभा राहिला आणि पत्रकासाठी हात पुढे केला. कीरनने पत्रक दिलं.

“काही सांगायचंय का मला?” त्याने अगदी मऊ आवाजात विचारलं.

हजारो माणसांपुढे मालकांना, मंत्र्यांना, सिनेमातल्या कोट्यधीशांना झोडपणाऱ्या माणसाने नकारार्थी मान हलवली.  ग्रॅहम बघत होता. नुसती त्याला खूण केली असती तरी तो मध्ये पडला असता. कीरनने तेही केलं नाही. माणूस हसला, परत आईकडे गेला, तिच्या खांद्यावर हात ठेवून जरा उभा राहिला, मग मागे सरून त्याने तिचा फोटो काढला, आणखी थोडा वेळ तिच्याशी बोलला आणि पेस्टी घेऊन निघून गेला.

संध्याकाळी मतदान संपायच्या आधीच तो फोटो सगळीकडे फिरला. आई पुढे, पीठ लागलेल्या एप्रनमध्ये, तोंडभर हसणारी. मागे फाटकापाशी मान खाली घातलेला कीरन. खाली लिहिलं होतं, “आई गोड आहे. मागे उंदीर बघा. तोंड उघडलं नाही त्याने.” त्याखाली शेकडो लोक खिदळत होते. कीरनला खरं तर सुटल्यासारखं वाटलं. हसायलाच आला होता तर हसू दे. संपलं एकदाचं.

आई पाय गरम पाण्यात सोडून बसली होती. “सगळ्या खपल्या,” ती म्हणाली. “आणि तो उंदीरवाला, त्याला अजून सहा हव्यात. पुढच्या रविवारी. म्हटलं, आता शाळा बंद, घरीच ये. पत्ता दिला त्याला. मागच्या दाराने ये म्हटलं, ते उघडंच असतं.”

कीरन तिच्यासमोर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. खेळ, आवाज, रस्टी, निरोप, काहीही न गाळता.   पाणी निवत गेलं तरी आईने पाय काढले नाहीत.

“तो तुझ्यापाशी आला, तेव्हा तुला कळलं होतं?”

“हो.”

“आणि मग तो परत माझ्याकडे आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.”

“हो, आई.”

“निदान मला हाक तरी मारायचीस, राजा.”

ती ओल्या पायांनीच उठली आणि मागच्या दारापाशी गेली. दार लोटलं, कडीकोयंडा चाचपला. “याची किल्ली कुठे असते?” तिने विचारलं. कीरनला माहीत नव्हतं. या दाराला कुलूप लागलेलं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. मग दोघंही स्वयंपाकघरातले खण एकामागून एक ओढून त्यातलं सामान टेबलावर ओतू लागली, आणि बाहेर कुठे गाडीचं दार वाजलं की दोघांचे हात तिथल्या तिथे थांबत होते.