झाडवाल्या बाईंची नसलेली ओळ

हे लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. कुणी त्यांचा विषय काढला की मी चष्मा पुसायला घ्यायचो. पण मागच्या महिन्यात आमच्या जालन्याच्या तंत्रनिकेतनात त्यांची शोकसभा झाली. एकेक जण उठून 'बाई फार मायाळू होत्या' असं सांगू लागला आणि मला संताप आला. बाई मायाळू बिलकुल नव्हत्या. बाई रागीट होत्या. खडू फेकण्याआधी त्या तो मोडून घेत, म्हणजे अर्धा शिकवायला उरे. त्यांचा राग ज्यांना सोसला नाही, त्यांनीच त्यांना घालवलं, आणि आता तेच माईक धरून रडत होते. घालवणाऱ्यांत पहिला मी. मी त्यांचा विभागप्रमुख होतो.

मुलं त्यांना झाडवाल्या बाई म्हणत. सी भाषेत माहिती ठेवायची एक रचना असते, बायनरी सर्च ट्री. लहान किंमत डावीकडे, मोठी उजवीकडे, असं खाली वाढत जाणारं झाड. बाई ते फळ्यावर काढत नसत, वर्गालाच मैदानात उभं करत. मध्ये एक मुलगा. पुढच्यानं येऊन आपला रोल नंबर त्याच्याशी ताडून पाहायचा आणि डावीकडे किंवा उजवीकडे जायचं. तेही मार्चच्या उन्हात. कुणी हळूच सावलीकडे सरकला की बाई गरजत, "अय, निंबाखाली कुठं चाललास? मोठा हायेस ना तू? मंग उजवीकडं हो!"

आमच्याकडे या झाडाचा प्रोग्राम ओळ न ओळ पाठ करून परीक्षेत उतरवायची पद्धत. बाई ते एकदाच हातानं लिहून घेत. मग सांगत, आता हे विसरा. सीच्या लायब्ररीत ही कामं करणारी फंक्शनं तयार आहेत, ती वापरायला शिका. बाकीचे म्हणत, ही तर कॉपी झाली. एकदा स्टाफरूममध्ये मीही तेच म्हणालो. बाईंनी कप खाली ठेवला. "सर, जाफराबादला मी एसटीनं जाते. गाडी काय घरी जोडून न्यायची का मी?" सगळे हसले. मी हसलो नाही. तो अपमान मी जपून ठेवला, हेही आज सांगून टाकतो.

लायब्ररी झाड सांभाळते, पण लहान कोण आणि मोठा कोण हे तिला कळत नाही. ते सांगणारं तुलनेचं फंक्शन आपण लिहून द्यावं लागतं. त्यावर बाई फार कडक. "एकदा तुलना ठरली की बदलायची न्हाई. माणूस बघून माप बदललं की झाड सडतं." एका मुलाचं फंक्शन त्याच दोन किमतींना एकदा एक आणि पुढच्या वेळी दुसरंच उत्तर देत होतं. बाई म्हणाल्या, "शाब्बास! तू प्रोग्रामर न्हाई, संस्थाचालक होणार." हे वाक्य दादासाहेबांपर्यंत, म्हणजे आमच्या संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत, जेवणाच्या सुटीआधीच पोचलं.

पण त्यांचा खरा राग राखीव होता तो एका चुकीसाठी. टी-सर्च नावाचं फंक्शन झाडात वस्तू शोधतं, पण सापडली नाही तर ती तिथेच झाडात घालतं. टी-फाइंड नुसतं शोधतं. नवखा माणूस नाव बघून टी-सर्चच वापरतो. बाई प्रत्येक वर्गाला बजावत, "नुसतं बघायचं असंल तर टी-फाइंड. टी-सर्चला विचारलं की घातलंच म्हणून समजा."

मी त्यांच्या वर्गात कधी बसलो नव्हतो. विभागप्रमुख बसत नसतो.

गावाबाहेरच्या एका बियाणे कंपनीनं आमच्याकडून एक प्रोग्राम मागितला. उगवण चाचणीत नापास झालेले लॉट झाडात ठेवायचे, आणि गोदामातून माल निघताना प्रत्येक लॉट त्यात आहे का ते बघायचं. काम बाईंनी केलं. फक्त तपासणीचा भाग उरला होता, तेवढ्यात त्यांची आई आजारी पडली आणि त्या जाफराबादला गेल्या. दादासाहेबांना घाई होती. मी म्हणालो, त्यात काय एवढं. तो भाग मी लिहिला, टी-सर्च वापरून. टी-सर्चकडून परत आलेली नोंद झाडातली जुनी असेल तर लॉट नापास, मी आत्ताच दिलेली असेल तर पास. चाचणीत प्रत्येक लॉट एकदाच विचारला. उत्तरं बराबर आली. बाई परतल्यावर म्हणाल्या, "एकदा बघू का?" मी म्हणालो, "गरज नाही, चालू आहे."

गोदामात मात्र प्रत्येक लॉट दोनदा विचारला जाई, एकदा गाडी भरताना आणि एकदा फाटकावर. पहिल्यांदा विचारलं की चांगला लॉट नापासांच्या झाडात जाऊन बसे आणि फाटकावर अडे. पेरणी तोंडावर, आणि चांगल्या बियाण्याच्या गाड्या उन्हात उभ्या. अंबड-परतूरचे दुकानदार फाटकावर शिव्या देत होते. कंपनीचा मॅनेजर तसाच दादासाहेबांच्या खोलीत घुसला.

बाईंना आणि मला बोलावलं. बाईंनी उभ्या-उभ्याच पडद्यावर प्रोग्राम वाचला आणि त्या एका ओळीवर बोट ठेवलं. नाक लाल झालेलं. "इथं टी-फाइंड पाहिजे होतं. ही ओळ माझी न्हाई."

दादासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "सर?"

"प्रोग्राम बाईंचाच आहे," मी म्हणालो. "ही तयार फंक्शनं वापरायचा आग्रह त्यांचाच."

वाक्य वाक्यापुरतं खरं होतं. असली खरी वाक्यं बोलणाऱ्या माणसाची मला आज किळस येते. बाई कंत्राटावर होत्या, त्यांचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. आणि विभागात यापुढे झाड हातानंच लिहायचं, असा आदेश मी माझ्या सहीनं काढला. मुलं ते अजून पाठ करतात.

जाताना त्या माझ्या टेबलाशी थांबल्या. मला वाटलं, आता खडू येणार. "सर, पोरांना निदान टी-फाइंड तरी शिकवा," एवढंच म्हणाल्या. मी तेही केलं नाही.

पुढे वाटूर फाट्यावर एका दुकानाच्या वरच्या खोलीत त्यांनी क्लास काढला. निवृत्त झाल्यावर मी एकदा तिथे गेलो. एसटीत सगळा रस्ता मी एक वाक्य घोकत होतो. जिन्यातूनच आवाज ऐकू आला, "काय करून राह्यलास रे? ती मेमरी कोण मोकळी करणार, तुझी आत्या?" मला पाहून त्या थबकल्या. केस पांढरे झालेले, नाक तसंच. "सर का? या." चहा मागवला. कप अर्धा झाल्यावर त्यांनी सरळ विचारलं, "काय काम काढलं?"

पोरं माझ्याकडे बघत होती. वाक्य ओठांवर आलं होतं. "काही नाही," मी म्हणालो. "मंठ्याला चाललो होतो."

"मंग जल्दी निघा. ती बघा, मंठ्याची गाडी लागली."

मी निघालो. त्या खिडकीतून बघत होत्या, म्हणून गाडीत चढणं भाग पडलं. मंठ्याला माझं कुणीही नव्हतं. स्टँडवर बसलो आणि परतीच्या गाडीनं निघालो. गाडी वाटूर फाट्यावर थांबली. वरच्या खोलीत बाई पाठमोऱ्या उभ्या होत्या, हातात खडू. कंडक्टर ओरडला, "वाटूरवाले उतरा!" मी जागेवरून उठलो, आणि पुन्हा बसलो.

वाक्य काही फार मोठं नव्हतं. बाई, ती ओळ माझी होती.