टोपण माह्यापाशी

"पेन घ्या, टोपण माह्यापाशी राहू द्या."

हे ऐकल्याशिवाय मलकापूरच्या आमच्या ऑफिसात कुणालाही आमच्या हेडक्लार्कचं पेन मिळालं नाही. बँकेत, पोस्टात तुम्हीही पाहिलं असेल, अनोळखी माणसाला पेन देताना लोक टोपण ठेवून घेतात. ते तर शेजारच्या टेबलावरच्या मलाही टोपण काढूनच द्यायचे. एकदा साहेब चिडले, "अहो, मी काय पेन पळवणार आहे?"

"माणूस चोर नसते साहेब, इसरभोळं असते."

साहेबांनी सही करून पेन परत दिलं.

पेन काळं, शाईचं, त्यांच्या वडिलांचं. त्यावरचं नाव बोटांनी पार झिजलेलं. कोणत्या कंपनीचं, असं विचारलं की म्हणायचे, "बापाचं हाय, तेवढं बस नाही का?"

त्यांची एकुलती एक मुलगी परीक्षेसाठी बुलढाण्याला निघाली, त्या सकाळी ती ऑफिसात पेन मागायला आली. पेन दिलं, टोपण खिशात. "बाबा, मले पण?" ती हसली. "तुले पण. वापस ये, मंग लावू." तिने निबेला रुमाल गुंडाळला आणि स्कूटी काढली.

येताना मोताळ्याजवळ ट्रकने तिला उडवलं. ती जागीच गेली.

तिची पर्स घरी आली. शाईचा डाग पडलेला रुमाल आला. पेन आलं नाही.

"कसलं पेन होतं?" पोलिसांनी विचारलं. "काळं," ते म्हणाले. "शाईचं." पुढे काही सांगताच येईना. जन्मभर ज्याने लिहिलं त्याचं नाव या माणसाला ठाऊक नव्हतं. ठाण्याच्या पायरीवर बसून ते ढसाढसा रडले.

मी त्यांना खामगावला जुन्या पेनांच्या एका दुकानदाराकडे नेलं. त्याने टोपणाच्या सोनेरी कड्या भिंगातून पाहिल्या, क्लिप पाहिली आणि मॉडेल सांगितलं. "पण हे तीन साइजमध्ये यायचं," म्हणत त्याने तशी तीन पेनं काढली. मोठं टोपणात शिरेना. लहान आत खुळखुळलं. मधलं मात्र अलगद फिरून घट्ट बसलं. योगायोगाने त्या मधल्याचं स्वतःचं टोपण हरवलेलं होतं.

"जोड जमली की! घेऊन जा," दुकानदार म्हणाला. मलाही वाटलं, चला, थोडं तरी हाताला लागलं.

त्यांनी ते पेन कितीतरी वेळ हातात धरलं. मग टोपण फिरवून काढलं आणि पेन परत दिलं.

"हे टोपण तिच्या पेनाचं हाय. ते वापस आलं तं त्याले काय लावू?"

बसमध्ये ते मॉडेल आणि साइज शाळकरी पोरासारखं घोकत होते. त्यानंतर सुट्टी आली की मोताळ्याचा रस्ता धरायचे. चहाच्या टपरीवर, शेतात कापूस वेचणाऱ्या बायकांना मॉडेलचं नाव सांगून विचारायचे, "मधल्या साइजचं काळं पेन सापडलं काय हो?" लोक आधी कळवळले, मग कंटाळले. मी एकदा रागावलोही, "आता पुरे करा." ते म्हणाले, "पहिले नाव तं माहीत नव्हतं. आता हाक मारता येते."

गेल्या थंडीत ते गेले. अंगात नवा सदरा घातल्यावर त्यांच्या पत्नीने, वहिनींनी, टोपण त्याच्या खिशाला लावलं. कुणीतरी म्हणालं, "काऊन ठेवून राह्यल्या? काढा ते."

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "पोरगी तिकडं उघडं पेन घेऊन बसली असन."